साडेसहाचा फोन

साडेसहाला फोन वाजला तेव्हा माझे हात कणकेत होते. मी हात न धुताच गेले आणि दोन बोटांनी रिसीव्हर उचलला. फोन कुणाचा हे मला ठाऊक होतं, आणि तो ह्यांनी उचलू नये असं मला वाटत होतं.

"वैनी, उत्तमराव हाईत काय?"

मागं बँडची तयारी चालली होती. कुणी ढोल आवळत होतं, कुणी ट्रम्पेटमधून नुसती हवा सोडून बघत होतं. आणि इकडे आमच्या न्हाणीघरात हे अंगावर पाणी ओतत मोठ्यानं भजन म्हणत होते. ह्यांना एकच भजन येतं, त्यातल्याही पहिल्या दोन ओळी.

"नाहीत," मी म्हटलं. "बाहेर गेलेत."

पलीकडं जरा वेळ कुणी बोललं नाही.

"कवा येतील?"

"सांगून गेले नाहीत."

"बरं," पिराजी म्हणाला. "बरं वैनी. ऱ्हाऊ द्या."

मी फोन ठेवला. रिसीव्हरला कणीक लागली होती ती पदरानं पुसली. हे न्हाऊन आले, डोकं पुसत विचारलं, "पिराजीचा फोन आला काय गं?" मी म्हटलं, "नाही." मग चपात्या लाटायला बसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. त्या दिवशी एकूण एक चपाती टम्म फुगली.

ह्याला आता सव्वीस वर्षं झाली. मे महिना होता, लग्नसराई जोरात होती आणि वार रविवार होता. तेव्हा आम्ही जयसिंगपुरात राहत होतो. माझे मिस्टर, उत्तम चौगुले, साखर कारखान्यात फिटर होते. मी घरी ब्लाउज शिवायचे. हे अकरा वर्षं प्यायले. मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे आणायला म्हणून गेले ते तिसऱ्या दिवशी रिकामा खोका घेऊन घरी आले. एवढ्यावरून बाकीचं समजून घ्या.

त्यातली शेवटची दोन वर्षं मी पत्ते गोळा केले. त्यासाठी दोनशे पानी वही घातली होती आणि सासूबाईंनी उघडू नये म्हणून वर "ब्लाउजची मापं" असं लिहिलं होतं. पहिला पत्ता पेपरातल्या जाहिरातीचा, माणसाला न कळत जेवणातून द्यायच्या पुडीचा. पुडीनं ह्यांना चार दिवस जुलाब झाले आणि जुलाबावर बरी म्हणून हे जास्त प्यायले. दुसरा पत्ता माळ घालणाऱ्या एका महाराजांचा. माळ तीन दिवस गळ्यात होती, चौथ्या दिवशी ती खुंटीला अडकवून हे गुत्त्यावर गेले. मग कोल्हापूरचं एक केंद्र, तिथं महिनाभर ठेवून घेतात. त्याचं नाव काढलं तर ह्यांनी घरातला आरसा फोडला. मग मिरजेचा सरकारी दवाखाना. तिथं मानसोपचार विभाग असतो हे मला एका गिऱ्हाईक बाईनं माप देता देता सांगितलं. बाह्या सोमवार आणि गुरुवार, केसपेपर खिडकी नंबर चार. बाह्या म्हणजे ओपीडी हो, मी वहीत तसंच लिहायचे, कुणी उघडलीच तर कळू नये म्हणून.

त्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. "पेशंट येत नसेल तर तुम्ही या," असं म्हणणाऱ्या त्या पहिल्या. मी बटणं आणायला जाते असं घरी सांगून तीनदा त्यांच्याकडं जाऊन आले. त्यांनी माझ्याच वहीत त्यांच्या हातानं दोन पानं लिहून दिली, काय करायचं आणि काय नाही ते. घरात फोन घेतला तोही मीच, चार ठिकाणी चौकशी करता यावी म्हणून. वहीत असे एकवीस पत्ते झाले.

आणि हे सुटले कुणामुळं, तर ह्या क्लॅरिनेटवाल्या पिराजीमुळं.

माझ्या चुलतदिराच्या वरातीत हे पिऊन नाचत होते. नाचता नाचता पडले आणि बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा पाय धरून नागीण वाजव म्हणून बसले. त्यानं वाजवली. वाजवून झाल्यावर वाकला आणि ह्यांच्या कानात काहीतरी बोलला. मी लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला हे अंघोळ करून, भांग पाडून बाहेर पडले, आणि नऊला परत आले ते कोरडे. मी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला तेव्हा कुठं खरं वाटलं.

"काय सांगितलं हो त्यानं कानात?" मी विचारलं.

"काही नाही गं. पत्ता सांगितला."

पत्ता म्हणजे नगरपालिकेची शाळा नंबर सात, चौथी ब चा वर्ग, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी पंधरा-वीस माणसं तिथं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायची. ही शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी मुलीला चार वर्षं तिथं सोडायला जात होते. मिरज, कोल्हापूर, पार निपाणीपर्यंत चौकशा केल्या आणि माझ्या वहीत तेवढाच एक पत्ता नव्हता.

हे सुटले ह्याचा मला आनंद झाला नाही असं नाही. गल्लीत पेढे वाटले मी. पण मनात एक कुसळ राहिलं, आणि ते रोज साडेसहाला टोचायचं. ही ह्यांची गुत्त्यावर जायची वेळ. बरोबर त्या वेळेला पिराजीचा फोन यायचा, जिथं वरात असेल तिथल्या टेलिफोन बूथवरून. मी दाराआडून ऐकायचे. मला वाटायचं, आत काहीतरी मोठं चाललं असेल. ते दोघं भाजीबद्दल बोलायचे.

"आज दोडका," हे सांगायचे. मग पलीकडून काहीतरी. मग हे हसायचे. "तुमच्यात कुणी खात नाही? मग बायको करतेच कशाला?" असं वीस-वीस मिनिटं चालायचं. वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला दोडक्याबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. केलेला दोडका मुकाट गिळायचे, नाहीतर ताट भिरकावायचे.

एखादी बाई असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, लाल कोट घालून वरातीपुढं चालणारा माणूस. त्याच्याबद्दल तक्रार कुणापाशी करणार? आईला एकदा म्हटलं तर ती म्हणाली, "अगं त्याचे पाय धुऊन पाणी पी." मी त्यानंतर कुणाला काही बोलले नाही. नुसती जळत राहिले. फोनची घंटा वाजली की हे उठायचे त्या उठण्यात जी घाई असायची, ती माझ्यासाठी कधी नव्हती.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी हे मीटिंगहून आले ते खुशीत होते.

"पुढच्या शुक्रवारी वर्ष होतंय. वाढदिवस," म्हणाले. ज्याला वर्ष होईल त्याचा तिथं वाढदिवस करायचे आणि तांब्याचं एक छोटं पदक द्यायचे. "पदक कुणाच्या हातून घ्यायचं ते आपणच सांगायचं असतं. एक तर घरचं माणूस, नाहीतर ज्याचे दिवस आपल्यापेक्षा जास्त झालेत असं कुणीतरी. तसा नियम आहे."

मी मनातल्या मनात साडी काढून ठेवली होती. मोरपंखी, काठाची. तिथं बायकोला दोन शब्द बोलायला सांगतात हेही मला माहीत होतं, आणि माझे दोन शब्द तयार होते. वही घेऊन जायची होती. एकवीस पत्ते वाचून दाखवायचे होते.

"मग काय सांगितलंत?"

"पिराजी म्हटलं."

"बरोबरच आहे," मी म्हटलं. "जेवायला वाढू?"

"नऊ वर्षं झाली त्याला. तीन हजार तीनशे दिवस. बिचारा रडला गं मी नाव घेतल्यावर."

ह्यांना काही कळलं नाही. जेवून झोपले. मी मशीनवर बसले आणि एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून ठेवल्या.

आणि मग रविवारी तो फोन. सोमवारी मी त्याहून पुढं गेले. सव्वासहालाच रिसीव्हर जरा तिरका ठेवून दिला, म्हणजे फोन वाजायलाच नको. हे फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहिले.

"आज पण नाही," सात वाजल्यावर म्हणाले.

"लग्नसराई आहे. दिवसाला तीन-तीन वराती असतील. वेळ मिळत नसेल."

"लग्नसराईतच तर तो चुकवत नाही."

मी लक्ष दिलं नाही. मंगळवारी मीटिंगला पिराजी आला नाही. बुधवारी हे त्याच्या घरी जाऊन आले तर कुलूप होतं. शेजारी म्हणाले बँड बाहेरगावी गेला असेल. हे अस्वस्थ होते, जेवले नाहीत धड. मी आतून खूश होते आणि वरून म्हणत होते, "येईल हो, कुठं जातोय."

गुरुवारी सकाळी हे पहिल्या पाळीला गेल्यावर दहाच्या सुमारास दारात एक बाई आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं ब्लाउजचं गिऱ्हाईक असेल.

"मी हौसा. पिराजीची मंडळी," ती म्हणाली. "तुमच्याकडं ती वही हाय न्हवं?"

"कसली वही?"

"पत्त्यांची. वरनं ब्लाउजची मापं लिवल्यासा ती."

ती वही ह्या घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत असेल असं मला वाटत नव्हतं.

"आमचं मालक सांगत हुतं," ती म्हणाली. "उत्तमराव मीटिंगात सांगत्यात म्हणं. माज्या बायकूनं माज्यापायी गावंच्या गावं पालथी घातली, एकवीस पत्तं हुडकलं, आनि मला कळू दिलं न्हाई. आमचं मालक घरात येऊन मला म्हणायचं, बायकू असावी तर अशी. मला लई राग यायचा तुमचा, खरं सांगतो."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग विचारलं, "काय झालंय?"

"रविवारच्यान पितंय," हौसा म्हणाली. "नऊ वर्सं बोट लावलं न्हवतं. वरातीच्या आदी बँडवाल्यास्नी गिलास देत्यात, दर वरातीला देत्यात. हे दर बारीला न्हाई म्हणायचं. रविवारी फोनला गेलं, फोनवरनं परत आलं, आनि दिलेला गिलास घेतला."

"फोनला कशाला गेले होते?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं, पण विचारलं.

"आता कशाला. उत्तमरावास्नी बोलायला. रोजच करायचं, पन वरात असली की त्याबिगर कोटाची बटनं लावत न्हवतं. म्हणायचं, दोन मिनिटं त्याच्यासंगं बोललो की मग हातात गिलास धराय येत न्हाई."

वर्षभर मला वाटत होतं की पिराजी आमच्या ह्यांना सांभाळायला फोन करतो. दारामागं उभी राहून मी वर्षभर तेच ऐकलं होतं.

"आता कुठं आहेत?"

"बँडच्या खोलीत कोंडलंय. बँडमालक म्हणतोय, तितंच पडू दे, आपोआप उतरंल. काल सकाळपासनं थेंब न्हाई पोटात. पन आज उजाडल्यापासनं भितीवरच्या मुंग्या वेचतंय, वैनी. भितीवर एक मुंगी न्हाई."

मी उठले आणि वही काढली. डॉक्टर मुजावरांची दोन पानं मला पाठ होती, तरी उघडली. "खूप पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली आणि हात कापू लागले, घाम सुटला, नसलेलं दिसू लागलं, तर घरी थांबवू नका. कोंडू नका. जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखान्यात आणा." गुरुवार होता. ओपीडी चालू होती.

बँडची खोली म्हणजे पत्र्याची शेड होती. भिंतीला ढोल टांगलेले, कोपऱ्यात वरातीच्या दिव्यांचा ढीग. पिराजी जमिनीवर बसला होता, अंगात लाल कोट, घामानं भिजलेला. मला बघून उठायला लागला. "वैनी, हळू या," म्हणाला. "पायाखाली हाईत."

बँडमालक दारात आडवा उभा राहिला. "बाई, दवाखान्यात घातलं की गावभर होतंय. परवा दोन वराती हाईत माझ्या. आज-उद्यात उतरंल त्याची."

"परवा हा माणूस राहणार नाही," मी म्हटलं. "गाडी काढा."

"कुणी सांगितलं?"

मी वही त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं वरचं "ब्लाउजची मापं" वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, किल्ली काढली. बँडच्याच टेम्पोतून आम्ही पिराजीला नेलं, दोन्ही बाजूंना मोर काढलेला टेम्पो. मागं मी एका बाजूनं आणि हौसा दुसऱ्या बाजूनं धरून बसलो. मी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि त्याची बोटं माझ्या हातावर चालत होती, क्लॅरिनेटवर चालतात तशी. मिरज येईपर्यंत ती थांबली नाहीत.

खिडकी नंबर चारला मी सवयीनं उभी राहिले. डॉक्टर मुजावरांनी मला ओळखलं.

"आणलात शेवटी पेशंटला," म्हणाल्या.

"हा तो नव्हे," मी म्हटलं. "हा दुसरा आहे."

त्यांनी लगेच भरती करून घेतलं. म्हणाल्या, पूर्वी वर्षानुवर्षं प्यायलेल्या शरीराला तीन दिवसही पुरतात, आजची रात्र घरी गेली असती तर सांगता येत नव्हतं. हौसा माझे हात धरून रडायला लागली. मला तिचे हात सोडवून घ्यावेसे वाटत होते.

हे शिफ्ट सुटल्यावर सरळ दवाखान्यात आले. पदकाचा कार्यक्रम त्यांनी एक आठवडा पुढं ढकलला आणि रोज संध्याकाळी पिराजीपाशी जाऊन बसायला लागले. घरी आले की मला म्हणायचे, "तू होतीस म्हणून वाचला." तीनदा म्हणाले. वर्षभर मला ह्यांच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते हेच, आणि आता ते ऐकलं की मी उठून भांडी घासायला जायचे.

रविवारी दुपारी मी डबा घेऊन एकटीच गेले. पिराजी उशाला टेकून बसला होता. नजर ताळ्यावर आली होती, हात अजून थोडे हलत होते. मी डबा उघडलाच नाही.

"पिराजीभाऊ," मी म्हटलं, "गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा हे..."

"न्हाणीत हुते," तो म्हणाला. "भजन म्हणत हुते."

मी डब्याची कडी उगाच दाबत राहिले.

"वैनी, कान हाच माझा धंदा हाय. वरचा सूर लागत न्हाई उत्तमरावास्नी, तितं घसरत्यात. वळखलं मी लगीच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला वाटलं, घरात आता आपलं नाव नको झालंय. आनि ते बरुबर वाटलं मला. वर्स होत आलं, मानूस बरा झाला, आता बँडवाल्याचा रोज रोज फोन कशाला. फोन ठेवून वळलो, आनि समोर गिलास घेऊन उभी हुती मानसं."

"मी फोन दिला असता तर तुम्ही प्यायला नसता."

मला बरं वाटावं म्हणून काही बोलेल असं वाटलं, पण तो तसा माणूस नव्हता.

"ठावं न्हाई," म्हणाला. "गिलास तुमी न्हाई दिलासा, मी घेतला. तेवडंच मला सांगता येतंय."

"मला तुमचा फार राग यायचा," मी म्हटलं. एकदा सुटलं ते सुटलंच. "मी दोन वर्षं वणवण केली. आणि तुम्ही त्यांच्या कानात एकदा काहीतरी बोललात आणि ते तुमचे झाले. काय सांगितलं होतं तुम्ही?"

"पत्ता," पिराजी म्हणाला.

"नुसता पत्ता?"

"पत्ताच. आनि म्हटलं, उद्या सातला मी शाळंच्या दारात उभा ऱ्हातो. एकल्याला आत जायला लाज वाटती ओ."

नर्स येऊन गोळ्या देऊन गेली. मी डबा उघडला, त्याच्यापुढं ठेवला.

"आज ह्यांना सगळं सांगते मी."

"नगं," तो एकदम म्हणाला. "वर्सच झालंय त्यास्नी. डोस्कं फिरंल, आनि डोस्कं फिरलं की पाय कुनीकडं वळत्यात ते मला म्हाईत हाय. पाच वर्सं हूं द्यात. मग सांगा."

शुक्रवारी मी मोरपंखी साडी नेसून शाळा नंबर सातमध्ये गेले. माझ्या मुलीनं ज्या बाकांवर पाढे म्हटले होते त्या बाकांवर आम्ही बसलो. एकेक जण उठून नाव आणि दिवस सांगत होता. शेवटच्या बाकावरून पिराजी उठला. कपडे ढगळ झाले होते.

"मी पिराजी. आज नववा दिवस," म्हणाला आणि खाली बसला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नवीन माणसाला वाजवतात तशा.

मीटिंग चालवणारे देसाई गुरुजी ह्यांना म्हणाले, "उत्तमराव, पदक कुणाच्या हातून घेणार?"

नियमाप्रमाणं पिराजीच्या हातून आता घेता येत नव्हतं. ह्यांचे तीनशे बहात्तर दिवस झाले होते.

"घरच्यांच्या," हे म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

गुरुजींनी माझी ओळख करून दिली. ह्याच त्या वहीवाल्या ताई, म्हणाले, ह्यांच्यामुळं आपला पिराजी आज इथं बसलाय. टाळ्या सुरू झाल्या. मी ते पदक ह्यांच्या हातात दिलं. मला जे जे हवं होतं ते सगळं त्या पाच मिनिटांत मिळालं, साडीसकट. टाळ्या थांबल्या तरी एक माणूस वाजवत होता, शेवटच्या बाकावरचा.

"दोन शब्द बोला ताई," गुरुजी म्हणाले.

"मला काही सांगायचं नाही," मी म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं मी लाजले.

पाच वर्षं मी थांबले. पाचवं पदक झालं त्या आठवड्यात ह्यांना सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि पिशवीभर दोडकी आणून ओट्यावर ओतली. तेव्हापासून आमच्यात तो विषय निघालेला नाही.

पण ते पुढचं झालं. पदकाच्या शुक्रवारनंतर जो सोमवार आला, त्या दिवशी हे दुसऱ्या पाळीला गेले होते. मुलगी क्लासला होती, सासूबाई देवळात. मी भाजी फोडणीला टाकली आणि साडेसहाला फोन वाजला.

मागं ढोल आवळत होते. त्याला पोटासाठी बँडवर जावंच लागणार होतं, दुसरं काय येत होतं त्याला.

"वैनी, उत्तमराव हाईत काय?"

"नाहीत," मी म्हटलं.

आणि पलीकडं तीच शांतता झाली. मी न्हाणीघराकडं बघितलं. दार सताड उघडं होतं, फरशी कोरडी होती, घरात कुठं काही आवाज नव्हता. ते त्याला कसं दाखवायचं ते मला कळेना.

"खरंच नाहीत, पिराजीभाऊ," मी म्हटलं. "आजपासून दुसरी पाळी लागलीय."

"बरं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मग."

"ठेवू नका." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मी आहे ना. माझ्याशी बोला."

कुणीतरी त्याला हाक मारली. तो हललेला मला ऐकू आला नाही. मग त्यानं घसा साफ केला.

"आज काय केलंसा भाजी?"

"दोडका."

"दोडका आमच्याकडं कुनी खात न्हाई."

"का, कसा करते हौसा?" मी विचारलं, आणि पायानं स्टूल ओढून फोनजवळ बसले.